समुद्राच्या आधी सोनारीची विहीर

परंड्याच्या बसस्टँडसमोर माझ्या लेकीचा फ्लेक्स लागला, तो मी शाळेतून घरी येताना पाहिला. मधोमध तिचा फोटो, खाली आमच्या ह्यांच्या मित्रमंडळाची हसरी तोंडं आणि मागं धूर ओकत वर निघालेलं हे एवढं मोठं रॉकेट. वर लाल अक्षरांत 'परंड्याच्या कन्येची अंतराळभरारी'. मी भर रस्त्यात उभी राहिले. कुर्डुवाडीच्या गाडीनं मागून हॉर्न वाजवला तेव्हा कुठं बाजूला झाले. अहो, कसली अंतराळभरारी? माझी लेक समुद्राच्या तळाला चाललीय!

फ्लेक्स छापणारा माझ्याच हाताखालून गेलेला. सातवीत त्याला मी विज्ञान शिकवलंय, म्हणजे तसा माझा प्रयत्न होता. तशीच तरातरा त्याच्या दुकानात शिरले आणि म्हटलं, "काय रे, समुद्र आणि आभाळ यातला फरक कळत नाही होय तुला?"

"मॅडम, आधी समुद्राचंच केलं होतं की," तो म्हणाला. "पण तुमच्या घरचे काका म्हणले, तितक्या खोल उजेडच न्हाय. मग चित्रात दाखवायचं काय? नुसतं काळं यायलं. त्या काळ्यावर ताईचा फोटो टाकून बघितला, तर..." तो घुटमळला. "तर श्रद्धांजलीचा बोर्ड वाटायला लागला, मॅडम. मलाच कसंतरी झालं. म्हणून रॉकेट टाकलं."

त्याला चार शब्द सुनवायला गेले होते, ते तोंडातच राहिले. राहू दे रॉकेट, म्हटलं आणि घरी आले.

लेक चेन्नईला एका संस्थेत इंजिनिअर आहे. समुद्रात सहा किलोमीटर खोल जाणारं एक वाहन तिथं तयार होतंय. टायटॅनियम नावाच्या धातूचा पोकळ गोळा, आमच्या न्हाणीघराएवढा, आणि त्यात तीन माणसं दाटीवाटीनं बसणार. बाहेरचं बघायला त्या गोळ्याला खिडक्या असतात. त्या खिडक्यांचं काम माझ्या लेकीकडं. चाचणीच्या एका फेरीत तीसुद्धा खाली जाणार असं ठरलं होतं, आणि ते काही कोणी तिच्यावर लादलं नव्हतं. तिनंच मागून घेतलं होतं. "खिडकी मी केलीय, तर तिच्यामागं बसायला दुसऱ्याला कसं सांगू?" असं तिचं म्हणणं. ह्यांनी ते ऐकून गल्लीभर पेढे वाटले. मी पेढा तोंडात घातला आणि तो घशाखाली उतरेना.

आता हे सांगायचं म्हणजे तिच्या पत्रिकेपासून सांगावं लागेल. तिच्या आजोबांनी जन्मल्या जन्मल्या ती करून घेतली होती. मुलगी हुशार निघेल, परमुलखात राहील, सगळं उत्तम, फक्त पाण्यापासून जपा, असं गुरुजींनी सांगितलं. मी विज्ञानाची बाई, मी हसले. हसले खरी, पण ते वाक्य डोक्यात जे जाऊन बसलं ते बसलंच. बरं, धाराशिव जिल्ह्यात पोरीला पाण्यापासून जपायचं म्हणजे काय करायचं? इथं आधी पाणी सापडायला तर पाहिजे! उन्हाळ्यात हंडे मांडून टँकरची वाट बघणारी आम्ही माणसं. पण माझं माहेर सोनारीचं आणि भावाच्या मळ्यात विहीर. पाऊसकाळ बरा झाला की दिवाळीला ती अर्ध्याच्या वर भरलेली असायची. भाचरं पाठीला रिकामे डबे बांधून धडाधड उड्या मारायची आणि माझी लेक आपली काठावर. एक पाऊल पुढं सरकली की मी लिंबाखालून ओरडायची, "मागं हो!" आणि गंमत अशी, की मी स्वतः त्याच विहिरीत लहानाची मोठी झालेली. सोनारीतल्या पोरींत माझ्यासारखं पोहणारी दुसरी नव्हती. अंगानं भरले तसं आईनं मला विहीर बंद केली, ती कायमचीच.

मग पोरीचं मन रमवायला आभाळ होतं. आभाळापासून जपा असं कोणी सांगितलेलं नव्हतं! गच्चीवर सतरंजी टाकून मी तिला नक्षत्रं दाखवली, पुठ्ठ्याची रॉकेटं करून दिली, शाळेत दुर्बीण आली तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोळ्याला लावली. तिनं दोन मिनिटं चंद्र बघितला आणि मग दुर्बिणीचे स्क्रू कुठं आहेत ते शोधायला लागली. तरी माझा आपला हिशेब, की पोरगी बेंगळुरूकडं जाईल, उपग्रहांच्या कामाला लागेल, चार भिंतींच्या आत कोरडी ठणठणीत बसून राहील. आणि ही बया गेली समुद्राकडं. का गं बाई, म्हणून विचारलं तर म्हणाली, "वर बघायला सगळं जग आहे आई. खाली कोण बघतंय?"

खरंच आहे ते. चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी आम्ही अख्खी शाळा टीव्हीपुढं बसवली होती. पोरं नाचली, शिपायानं नारळ फोडला. वर गेलेल्याशी बोलता येतं, त्याचा चेहरा दिसतो, त्याची आई घरी बसून त्याला जेवताना बघू शकते. समुद्रात रेडिओच्या लहरी जात नाहीत. जातो तो आवाज, तोही सावकाश, तुटक. वर जहाजावरच्या माणसांना 'ठीक आहे' एवढं कळलं तरी खूप झालं. तिच्या फेरीत ती सकाळी खाली जाणार आणि दिवेलागणीपर्यंत आम्हाला काहीच समजणार नाही. टीव्ही लावून उपयोग नाही आणि मोबाइल हातात धरूनही नाही.

दसऱ्यानंतर वर्गात हवेच्या दाबाचा धडा आला. दरवर्षी मी तो डब्याचा प्रयोग करते. पत्र्याचा डबा घ्यायचा, तळाला थोडं पाणी, खाली स्टोव्ह. आत वाफ कोंदली की डबा उतरवून झाकण घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं. आतली वाफ विरते, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा डब्याला चेपून टाकते. पोरं या प्रयोगाची वाट बघत असतात. यंदाही मी पाणी ओतलं, डबा कड्कड् वाजला, पोटात दुमडला आणि आडवा झाला. टाळ्या पडल्या. एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, ही एका हवेची ताकद. ताई जाणार तिथं किती?"

मी सवयीनं फळ्याकडं वळले. पाण्यात दर दहा मीटरला एका हवेएवढा दाब वाढतो, सहा हजार मीटरला सहाशे. सहाशे हा आकडा मी स्वतःच्या हातानं लिहिला आणि मागं टेबलावर तो चेपलेला डबा पडलेला. पोरं एकदा फळ्याकडं, एकदा डब्याकडं बघायला लागली. एवढ्याशा पोरांना कळलं. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि व्हरांड्यात खांबाला धरून उभी राहिले. परदेशातली ती पर्यटकांची पाणबुडी आत चेपली गेली होती, त्या बातम्या मी तेव्हा किती निवांत बघितल्या होत्या!

दिवाळीला लेक आली. मी चकल्या तळत होते, ती पिठाचा गोळा सोऱ्यात भरून देत होती. मी विषय काढलाच. म्हटलं, त्या गोळ्याचा तुला एवढा भरवसा कसा ते तरी कळू दे मला. तशी ती खुलली. कामाचं विचारलं की ती फार गोड बोलते.

"आई, अवकाशयान म्हणजे तुझा कुकर," ती म्हणाली. "आत हवा, बाहेर काहीच नाही. भिंतीला फक्त आतली एक हवा धरून ठेवायचीय. म्हणून ती पातळ चालते. आम्हाला उलटं. बाहेरून सहाशेपट रेटा. म्हणून गोळा करायचा, म्हणजे रेटा सगळीकडून सारखा बसतो, कुठला एक कोपरा कच्चा राहत नाही."

"आणि खिडकी? तिथं तर भोकच पाडलंय ना तुम्ही?"

"खिडकी बुचासारखी आहे. बाहेरून रुंद, आत निमुळती. पाणी जितकं दाबेल तितकी ती आणखी घट्ट बसते. पाण्याच्याच जोरावर पाणी अडवायचं." डोळे नुसते चमकत होते तिचे. "आणि परत यायचं तर अवकाशातून इंजिन लागतं, इंधन लागतं, सगळं वेळेवर पेटावं लागतं. आम्ही नुसतं खाली बांधलेलं लोखंड सोडून देतो. वाहन आपोआप वर येतं."

"आणि नाही बसली घट्ट तर? खिडकी?"

तिनं सोऱ्यात आणखी एक गोळा भरला. मग तिनं माझी समजूत घातली. हो, समजूतच! म्हणाली, "तर कळणारच नाही आई. इतकं पटकन होतं, की दुखायच्या आत संपतं."

हे सांगून ही मला धीर देत होती! मी भांडले. चकल्या करपल्या तरी भांडत होते. तुला आई आहे का नाही, म्हटलं. बाप आहे का नाही? जगात दुसरं कोणी नाही का खिडकीमागं बसायला? शेवटी गॅस तिनंच बंद केला आणि म्हणाली, "घाबरू नकोस. बहुतेक मी जातच नाही."

मी चमकून बघितलं. मग तिनं सांगितलं. जहाजावर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाला पोहण्याची परीक्षा द्यावी लागते. जहाजावरून कोणी पडलं तर, बोट उलटली तर, म्हणून. तलावात उडी मारायची, या टोकापासून त्या टोकाला जायचं, थोडा वेळ तरंगायचं. त्याशिवाय खाली जाणं सोडा, जहाजावरही घेत नाहीत. आणि तिला पोहता येत नव्हतं. चेन्नईत शिकवणी लावून झाली होती. परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. आता एकदाच संधी, दिवाळीनंतर.

काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं! सहा किलोमीटर खाली जायला निघालेली ही बाई पुरुषभर पाण्यात उतरू शकत नव्हती. मी पुन्हा चकल्या तळायला घेतल्या. रात्री जेवताना ह्यांना दोनदा आग्रह करकरून वाढलं, तर हे माझ्याकडं बघायला लागले. मी सुटले होते. गुरुजी, पत्रिका, दाब, खिडकी, सगळ्यातून सुटले होते. आता फक्त दिवाळी जायची होती.

भाऊबीजेला आम्ही सोनारीला गेलो. जेवणं झाल्यावर ती मला ओढत मळ्यात घेऊन गेली, विहिरीच्या काठावर. पाणी हिरवंगार, वरून आठ-दहा पायऱ्या मोकळ्या.

"आई, मला तू शिकव," ती म्हणाली.

"मी? या वयात? लोक हसतील."

"हसू देत. चेन्नईचा मास्तर चांगला होता, दोष त्याचा नाही. मी पाण्यात उतरते आणि अंग आखडतं. मला तुझा आवाज ऐकू येतो. मागं हो, मागं हो. तो बाकी कोणाला काढता येणार नाही, आई. तुलाच काढावा लागेल."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मागून वहिनी आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं. "वन्स, उतरा की," त्या म्हणाल्या. "म्या काठावर बसते. एक गडी फिरकू देत न्हाय इकडं. तुमचे दादा आले तरी हाकलते." भाऊ गुडघ्याच्या ऑपरेशननं घरात पडलेला, नाहीतर मी त्याच्यावर ढकलून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींच्या सुनेचा जुना पंजाबी ड्रेस घालून पायऱ्या उतरले. वहिनी वरून खिदळत होत्या. "अगं बया, मायलेकींनी येकदमच मुहूर्त काढला का पवायचा!" पाणी कमरेला लागलं तसा अंगावर काटा आला. म्हटलं, सगळं विसरले असेन. पण पाय सुटले आणि अंगानं आपलं आपण केलं. चार हात मारून मी पलीकडच्या भिंतीला गेले आणि परत आले. लेक पाण्यालगतच्या पायरीवर दगड धरून बसली होती, तोंड उघडं. तिनं मला पाण्यात कधीच बघितलं नव्हतं.

पाण्यातल्या पायरीवर पाय रोवून तिला आडवी घेतली. तिच्या पोटाखाली माझा तळहात. ती ओंडक्यासारखी कडक झालेली, दात वाजत होते, नखं माझ्या खांद्यात रुतलेली. एकतीस वर्षांची बाई, आणि वजन तळहातावर लहान पोरीएवढं. तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. मी नुसतं म्हटलं असतं, की नाही गं जमायचं तुला, तुझं अंगच पाण्याचं नाही, तर तिनं ते मानलं असतं. पाण्याच्या बाबतीत तिनं माझं कधीच खोटं मानलं नव्हतं. ती नापास झाली असती. कोणाला काही कळलं नसतं, तिलाही नाही. एका वाक्याचं काम. वाक्य जिभेवर होतं, खरं सांगते, अगदी टोकावर होतं.

"आई, लई भीती वाटायलीय," ती म्हणाली. इतकी वर्षं चेन्नईत राहून, इंग्रजीत भाषणं देऊन, पाण्यात तिच्या तोंडून सोनारीचीच बोली बाहेर पडली. "तू सांगशील तसं करते."

मी रागानंच म्हटलं, "मग मान कशाला ताठ धरतीस? सोड ती. श्वास भरून घे. पोट वर. पाय मार, माझ्या तोंडावर नको, मागं!"

सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज उतरलो. पहिल्यांदा पाठीला प्लॅस्टिकचा कॅन बांधून, मग कॅन सोडून. ती पाणी प्यायली, खोकली, एकदा रडली, एकदा मला शिव्या घातल्या. मीही घातल्या. रोज पायऱ्या उतरताना मला वाटायचं, आज सांगावं. आणि रोज तिचं पोट हातावर आलं की मी तिला सांगायची, आणखी थोडं सैल सोड, आणखी थोडं. शिकवायला लागले की मला अर्धवट शिकवता येत नाही, हा माझा जन्माचा रोग आहे.

निघायच्या आदल्या सकाळी ती हातावर आडवी झाली. अंग मऊ झालं होतं, श्वास संथ. पाण्यात तोंड बुडवून ती पाय मारत होती. तोंड वर काढून म्हणाली, "आता काढ हात."

मी नाही काढला.

"आई, काढ."

मी हात खाली घेतला. ती तिथंच तरंगली, एक क्षण बुडते की काय असं वाटलं, आणि मग हात मारत माझ्यापासून लांब गेली. पलीकडच्या भिंतीच्या दगडाला हात लावून तिनं आरोळी ठोकली आणि वर वहिनींनी टाळ्या पिटल्या. मी पाण्यात उभी होते. मला हुंदका आवरेना, आणि आवरावासाही वाटेना.

ती चेन्नईला गेली. पुढच्याच आठवड्यात तिचा फोन आला. मी शाळेतून येऊन भाजी निवडत होते, हे शेजारी पेपर वाचत बसलेले.

"आई, पास झाले!" ती ओरडत होती. मागं कोणीतरी हसत होतं, बहुतेक तिच्याबरोबरची मंडळी. "एका दमात गेले या टोकापासून त्या टोकाला. आता माझी जागा पक्की. तुझ्यामुळं जातेय मी खाली, कळलं का? फक्त तुझ्यामुळं!"

कळलं, म्हटलं मी, आणि फोन ह्यांच्या हातात दिला.